न विचारलेली विहीर

मी हे लिहावं की नाही, ते अजून माझं नक्की ठरलेलं नाही. लेख लिहिणारी माणसं वेगळी असतात असं मला लहानपणापासून वाटत आलंय. त्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट असतं आणि जेवताना कुणीतरी कुणाचं तरी लिखाण वाचून दाखवतं. आमच्या घरात छापील अक्षरं म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका आणि खताची पोती. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. मला फार तर दगडाबद्दल बोलता येतं, तेही समोरच्यानं विचारलं तर. त्यामुळे मी आगाऊपणा करतोय असं कुणाला वाटलं तर त्याचं चुकणार नाही. आधीच माफी मागून ठेवतो.

पण गेल्या आठवड्यात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ती लाकडी टपरी पुन्हा उभी राहिली आणि मला राहवेना. टपरीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं : श्पार्गेल. आपल्या शतावरीच्या कुळातली भाजी. पांढरीफेक, बोटांसारखी लांब, मातीच्या उंच वरंब्यात उजेड न दाखवता वाढवलेली. एप्रिलमध्ये टपरी येते, जूनच्या शेवटी जाते. तेवढ्या दिवसांत इथली माणसं सणासारखी ती खातात. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला शिकायला आलो तेव्हा मला ह्या भाजीचं काहीच वाटलं नव्हतं. आता ती टपरी दिसली की माझ्या कानात यारीचं इंजिन धडधडायला लागतं.

यारी म्हणजे विहीर खोदताना काठावर उभी करतात ती क्रेन. लांब दांडा, लोखंडी दोर, दोराच्या टोकाला बादली. खाली सुरुंगाने फुटलेला दगड भरायचा, वर ओढायचा, बाजूला ओतायचा. मागच्या वर्षी श्पार्गेलच्या दिवसांत आमच्या रानात यारी चालू होती, आणि मी इथे, जवळच्या पाल्झच्या जंगलात, आठवड्याच्या सुट्टीला लोकांना दगड समजावून सांगत होतो.

ते काम मला कसं मिळालं, त्यात माझं कौतुक काही नाही. जंगलातल्या माहिती केंद्राला इंग्रजीत बोलणारा कुणीतरी हवा होता. ह्या भागात लष्करी तळामुळे अमेरिकन कुटुंबं पुष्कळ राहतात, शिवाय आमच्यासारखे विद्यार्थी. मी खडकांचा अभ्यास करतो, इंग्रजी बोलतो आणि रविवारी मला कुणी जेवायला बोलावत नाही. केंद्र सांभाळणाऱ्या बाई, फ्राउ क्लाइन, यांनी मला एवढंच विचारलं होतं, "चढ चढता येतो?" मी हो म्हणालो. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, आणि हातात हिरवं जाकीट दिलं. ते मला दोन्ही खांद्यांवरून खाली उतरत होतं.

टेकडीच्या माथ्यावर तो दगड आहे. गावातली माणसं त्याला नुसतं टिश म्हणतात, म्हणजे टेबल. खाली दोन अरुंद खांब, वर एवढी मोठी सपाट शिळा की तिच्यावर पाइनची झाडं उगवली आहेत. पहिल्यांदा बघणारा माणूस नकळत एक पाऊल मागे सरतो. सगळे एकच विचारतात : पडणार कधी?

मी सांगायला सुरुवात करायचो. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल नव्हतं. उघडं, तापलेलं सपाट मैदान होतं आणि त्यावरून फाटे फुटलेल्या नद्या वाहत होत्या. त्यांनी आणलेली वाळू थरावर थर साचत गेली. वाळूच्या प्रत्येक कणाला गंजलेल्या लोखंडाचा पातळ लेप आहे, म्हणून हा दगड तांबूस. काही थरांत कण एकमेकांना घट्ट धरून बसले, काही थरांत सैल राहिले. सैल थर पावसाने, थंडीने, वाऱ्याने झिजले. घट्ट थर वर राहिला. टेबल कुणी बसवलेलं नाही, टेबलाच्या आजूबाजूचं सगळं निघून गेलंय.

हे शेवटचं वाक्य मी खोलीवर आरशासमोर पाठ केलं होतं. पहिल्या दिवशी ते म्हणताना माझाच आवाज मला ऐकू आला आणि मी गप्प झालो. मंडळींना वाटलं, मी त्यांना विचार करायला वेळ देतोय.

फ्राउ क्लाइन मागे उभ्या राहून ऐकत होत्या. उतरताना म्हणाल्या, "माहिती बरोबर आहे. पण तुम्ही दगडाची माफी मागत असल्यासारखं बोलता."

मी त्याबद्दलही सॉरी म्हणालो.

माझ्या पाठीवरच्या पिशवीत दोन दगड असायचे. एक इथला तांबडा वालुकाश्म, दुसरा आमच्या बांधावरचा काळा बेसाल्ट. गावाहून निघताना तो मी कपड्यांत गुंडाळून आणला होता. विमानतळावर बॅग तपासणाऱ्या माणसानं तो उचलून माझ्याकडे बघितलं आणि मला त्याला काय सांगावं कळेना. तर मी लोकांपुढे दोन्ही दगड ठेवायचो आणि बाटलीतलं पाणी दोन्हींवर ओतायचो. तांबड्यावरचं पाणी आत मुरायचं, काळ्यावरचं ओघळून जायचं. मुलांना हे फार आवडायचं. मग मी त्यांना वाटेतल्या झऱ्यापाशी न्यायचो. सांगायचो, पाऊस वर पडतो, वालुकाश्मातून खाली खाली मुरतो, वाटेत चिकणमातीचा थर आडवा येतो. पाण्याला पुढे जाता येत नाही, मग ते त्या थरावरून सरकत सरकत असं डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. शेवाळाची हिरवी रेघ दिसली की समजायचं, इथे आत काहीतरी आडवं आहे.

एका अमेरिकन मुलीने विचारलं होतं, "मग काळ्या दगडात पाणी कधीच नसतं का?"

मी म्हणालो, "असतं. पण त्याला वाट शोधावी लागते."

हे उत्तर तिला दिलं तेव्हा मी मनाने तिथे नव्हतोच.

माण तालुक्यातलं आमचं गाव त्या काळ्या दगडावर वसलेलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक आले आणि थिजले. दोन लोटांच्या मधल्या काळात वरची जमीन उन्हापावसात कुजून तांबडी झाली, मग तिच्यावर पुढचा लोट आला. तो तांबडा पट्टा अजून ओढ्याच्या काठाला दिसतो. लहानपणी आम्ही त्याला गेरू म्हणायचो आणि बैलांची शिंगं रंगवायला खरवडून आणायचो. त्याचं शास्त्र मला पुढे पुण्यात कळलं.

वडील मी लहान असतानाच गेले. दादा दहावीनंतर थांबला आणि त्याने रान सांभाळलं. मी शिकत गेलो. हे कुणी ठरवलं नव्हतं, तसं होत गेलं. मागच्या वर्षी मार्चमध्ये दादाने व्हिडिओ कॉल केला. तो सहसा करत नाही. फोन आईचाच असतो, तो मागून ओरडतो, "जेवतो का विचार त्याला." त्या दिवशी एकटाच ओढ्यात उभा होता.

"विहीर पाडायचीय," तो म्हणाला. "तात्या असते तर त्यांना दाखवली असती जागा. तात्या गेले. आता तूच सांग."

तात्या म्हणजे आमच्या गावचे पाणाडे, जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचे, आणि नारळ उभा राहिला की टाच रोवून उभे राहायचे. त्यांच्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली होती. विहीर खोदताना घरच्यांनी तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. पाणी लागलं तरी तात्यांना निरोप धाडायचा नाही. ज्यानं जागा दाखवली त्यानं आपणहून विहिरीच्या काठावर यायचं आणि विचारायचं, "पाणी लागलं का?" मालकाने म्हणायचं, "लागलं. उतरून बघा." मग टॉवेल, टोपी, नारळ. सगळ्या गावाला पाणी लागल्याचं माहीत असायचं, तात्यांनाही असायचं, तरी ते काठावर येऊन असे विचारायचे जणू आत्ताच परगावाहून आलेत. शाळेतून येताना मी एकदा ते बघितलं होतं. विहीर पाटलांची. ते गावात कुणालाही अरे-तुरेच करायचे. पण त्या दिवशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती आणि म्हणाले होते, "लागलं. उतरून बघा." विहीर कोरडी गेली तर मात्र तात्या काही विचारायचे नाहीत. ते त्या वाटेनं जायचंच सोडून द्यायचे.

मी दादाला म्हणालो, "अरे, मी पाणाड्या नाही."

"मग एवढं शिकून काय झालास?"

त्याने चिडवलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी त्याला फोन काठाजवळ धरायला लावला. पट्टा दिसला. पट्ट्याच्या वर वीतभर जागेत काळा दगड ओलसर होता आणि तिथे गवत अजून हिरवं होतं. मार्च संपत आलेला, सगळा ओढा वाळलेला, आणि ती एक हिरवी रेघ. मी त्याला चालत चालत वर रानात जायला सांगितलं, कुठे चढ आहे, कुठे उतार आहे ते विचारत राहिलो, कागदावर आकृती काढली, पुसली, परत काढली. शेवटी म्हणालो, "बाभळीच्या खालच्या कोपऱ्यात. तांबडा पट्टा तिथे खाली असणार. त्याच्या वरच्या अंगाला पाणी असेल. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती?"

"बहुतेक म्हणजे... बहुतेक, दादा."

त्याने फोन बाभळीकडे वळवला. मग म्हणाला, "पाणी लागलं तर डाळिंब लावतो. नाही लागलं तर चाकणला जातो. तिथं एका कंपनीत बोलणं झालंय. रानात आई आणि तुझी वहिनी बघतील काय बघायचं ते."

तेवढ्यात आई मागून आली असावी. तिने फोन हातात घेतला. "आता विहिरीचं नाव फोनवर काढायचं नाही," ती म्हणाली. "पाणी लागेस्तोवर. कळलं का?"

"कळलं."

"जेवलास का?"

त्यानंतर रविवार आले तसे गेले. दुपारची टोळी टेकडीवरून उतरली की मी झऱ्याजवळच्या बाकावर बसून घरी फोन लावायचो. तिथे संध्याकाळ होत आलेली असायची. आई बोलायची, आणि तिच्या मागे यारी चालू असायची. धडधड, मग दोर गुंडाळल्याचा कर्रर्र आवाज, मग दगड ओतल्याचा. मी आईला विचारायचो, शेळी व्याली का. ती मला विचारायची, तिकडे थंडी कमी झाली का. विहीर आमच्या दोघांच्या मधे उभी राहून सगळं ऐकत असायची.

एकदा बोलता बोलता आई म्हणाली, "थांब हं जरा." दोघंही गप्प झालो. लांबून कुणीतरी "हुश्शार!" असं ओरडलं. मग सुरुंगाचा धडाम आवाज झाला, फोन खरखरला, कुत्रं भुंकलं. आणि आई म्हणाली, "हां, तर काय सांगत होते, वहिनीच्या भावाचं लग्न ठरलं."

"बरं झालं," मी म्हणालो. "मुलगी कुठली?"

फोन ठेवल्यावर मला एकट्यालाच हसू फुटलं. समोरून सायकल ढकलत नेणाऱ्या एका आजोबांनी टोपीला हात लावून 'हालो' म्हटलं. मी हालो म्हणालो. हसण्याचं कारण सांगायला माझ्याजवळ कुणी नव्हतं आणि ते हसू हळूहळू चेहऱ्यावरच वाळून गेलं.

एकटेपणाबद्दल लोक लिहितात तेव्हा मोठं मोठं लिहितात. मला तो फार बारीक बारीक गोष्टींत भेटला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फोडणी दिली की शेजारच्या खोलीचं दार हलकेच बंद व्हायचं, त्या आवाजात. रविवारी दुकानं बंद, रस्ता मोकळा, आणि मी निवांत आहे असं कुणालाच वाटत नाही कारण मी आहे हेच कुणाला माहीत नाही, त्यात. दगडावर तिरके पट्टे असतात, त्यावरून नदी कुठून कुठे वाहत होती ते कळतं. लोकांना ते पट्टे बोटाने दाखवताना मी म्हणायचो, बघा, पाणी गेलं पण त्याची दिशा राहिली. लोक मान डोलवायचे, फोटो काढायचे. आणि माझ्या मनात यायचं, आपण पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या पाण्याबद्दल किती ठामपणे बोलतोय. आपल्या बाभळीखाली आत्ता काय आहे, ते मात्र माहीत नाही.

मे संपता संपता एका रविवारी फोन लावला आणि आईच्या मागे काहीच आवाज नव्हता.

मी आधी समजलो, चहाची सुट्टी असेल. पुढच्या रविवारीही शांतता. कोंबडी ऐकू आली, वहिनीने भांडं आपटल्याचं ऐकू आलं, यारी नाही. आई हवेबद्दल बोलली, मिरग तोंडावर आला तरी ढग नुसतेच येऊन जातात म्हणाली. मी म्हणालो, "दादा कुठाय?"

"बाहेर गेलाय."

"कुठे?"

"कामाला," ती म्हणाली आणि थांबली. माझ्या बाजूनं काहीतरी येईल अशी वाट बघितल्यासारखी थांबली. मीही थांबलो. मग ती म्हणाली, "बरं, ठेवू?"

यारी दोनच कारणांनी थांबते. पाणी लागलं म्हणून, नाहीतर आता लागत नाही म्हणून. पाणी लागलं असतं तर आईच्या आवाजात ते आलं असतं, असं मी स्वतःशी धरून चाललो. दादा बाहेर म्हणजे चाकणलाच. गावातल्या कुणा मित्राला विचारता आलं असतं, पण तेही विचारणंच झालं असतं. शिवाय खरं सांगायचं तर मला उत्तर नको होतं. एका 'बहुतेक'वर दादाने रान पोखरलं होतं. कोरड्या विहिरीच्या वाटेनं तात्या का जात नसत, ते मला इथे, इतक्या लांब बसून कळत होतं.

त्या आठवड्यांत मी दगड फार वाईट समजावून सांगितला. झऱ्यापाशी आलो की घाईघाईने पुढे निघायचो. पाणी ओतायचा खेळ तर बंदच केला. काळा दगड पिशवीत तळाशी जाऊन पडला. फ्राउ क्लाइनच्या ते लक्षात आलं. त्यांनी काही विचारलं नाही. एका शनिवारी कागदात गुंडाळलेली श्पार्गेलची जुडी माझ्या हातात ठेवली. "सोलायचं वरून खाली," त्या म्हणाल्या. "आणि सालं टाकायची नाहीत, त्याचं सूप करायचं. तर मग, उद्या सांगा कसं झालं." मी आईच्या पद्धतीने तेल, मोहरी, हिंग घालून परतली. विचित्र लागली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, फार छान झाली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

जूनच्या शेवटी शेवटी हायडेलबर्गहून एक मराठी कुटुंब आलं. आयटीतला नवरा, बायको, सात-आठ वर्षांची मुलगी, आणि सुट्टीत फलटणहून आलेली नवऱ्याची आई. मला आधी कळलंच नाही. मी आपलं इंग्रजीत टेबल कसं तयार झालं ते सांगत होतो. आजी नऊवारीवर लोकरी जाकीट घालून शिळेखाली उभ्या होत्या, मान वर करून.

"काय रे," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "ह्याला कुणी शेंदूर नाही लावला अजून?"

मला हसू आवरेना. "नाही लावला, आजी," मी मराठीत म्हणालो.

"अगं बाई! मग मघापासून विंग्रजीत काय झाडत होतास?"

सगळे हसले. मुलगी जर्मनमध्ये आईला काहीतरी विचारायला लागली. आजी म्हणाल्या, "काय म्हणतीय?" तिची आई म्हणाली, "दगड पडेल का विचारतेय."

"पडायचा असता तर आपण यायची वाट बघितली असती का त्यानं?" आजी म्हणाल्या. मुलीला ते समजलं असावं. ती हसली आणि म्हणाली, "नाइन," म्हणजे नाही.

उतरताना झऱ्यापाशी आलो तेव्हा मंडळी फोटो काढायला पलीकडे गेली. आजींचे गुडघे दुखत होते, त्या झऱ्याजवळच्या बाकावर बसल्या. मी उभा. त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं. माण म्हणताच त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो आमच्या भागातल्या माणसाला कुणीही विचारेल. "पाण्याचं काय?"

कितीतरी दिवसांत मला कुणी मराठीत काही विचारलं नव्हतं, फोन सोडला तर. मी सगळं सांगून टाकलं. तांबडा पट्टा, बाभूळ, दादा, चाकण, यारी, यारी थांबली ते.

"मग? लागलं का?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"आईनं विचारू नको म्हणून सांगितलंय."

"शिकलेला आहेस ना तू? अरे, खोदताना तोंड बंद ठेवायचं. यारी थांबल्यावरसुद्धा बंद ठेवलंस तर त्याला रुसवा म्हणतात. तुझी आई तिकडं काय समजत असेल?"

त्या वाकल्या, पायाजवळचे तीन सपाट दगड उचलून त्यांनी बाकाच्या कडेला एकावर एक रचले. आपल्याकडे देवाच्या डोंगरावर, स्वतःचं घर व्हावं म्हणून, रचतात तसे. तेवढ्यात त्यांचा मुलगा आला, म्हणाला, "आई, इथं असं रचायला परवानगी नाही."

"माझ्यासाठी नाही रचलं," आजी म्हणाल्या. "माझं घर आहे फलटणला. ह्याच्या घराचं होऊ दे काहीतरी."

परवानगी खरंच नव्हती. दगडांखाली बारीक जीव राहतात, म्हणून आम्हीच लोकांना सांगायचो की दगड हलवू नका. ती मंडळी गेल्यावर मी ते तीन दगड उतरवायला बसलो. सगळ्यात खालच्या दगडाची बाजू अजून ओली होती, झऱ्याकडची. कुठला दगड कुठून उचलला होता ते मातीतल्या खळग्यांवरून कळत होतं. मी तिन्ही आपापल्या जागी ठेवले. मग हात पुसले आणि फोन काढला. फोनचा वार नव्हता तो, शनिवार होता. त्यामुळे आई घाबरतच म्हणाली, "काय रे? बरं आहे ना?"

"बरं आहे," मी म्हणालो. "आई, पाणी लागलं का?"

आईचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता, दादा-वहिनीसाठी होता. "सोपान! ए सोपान! अगं, त्याला हाक मार! विचारलं! विचारलं बघ त्यानं!"

चपलांचा आवाज. आई फोन कानाला न लावता तशीच चालत होती. वाऱ्याचा घोंघाट, कुत्रं, तिचा धपापता श्वास, आणि मधे मधे अर्धी अर्धी वाक्यं. "रोज म्हणते, आज विचारेल... मी कसं सांगू, दाखवणाऱ्यानं विचारायचं असतं... सोपान म्हणायला लागला, त्याला आता काय पडलंय... टॉवेल-टोपी कधीची आणून ठेवलीय... नारळातलं पाणीसुद्धा आटलं असेल आता..."

मी खालून टेबलाच्या दगडाकडे बघत उभा होतो. दुसरं बघायला काही नव्हतं.

मग दादाचा आवाज आला. तो धापा टाकत होता. चाकणला नव्हता तो, डाळिंबाचे खड्डे घेत होता.

"काय ओ," तो म्हणाला, "जर्मनीतल्या लोकांना दगड समजावून सांगता. आम्हाला एक प्रश्न विचारायला एवढे दिवस लागले?"

"दादा, मला वाटलं..."

"आता नीट विचार. काठावर उभा आहे मी. सगळे आहेत. मोठ्यानं विचार."

त्या टेकडीवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी मी इकडेतिकडे बघितलं. मग हिरव्या जाकिटाची चेन वर ओढली, सरळ उभा राहिलो आणि जंगलात मोठ्याने मराठीत विचारलं, "पाणी लागलं का?"

मी शाळेत असताना माझं दप्तर ओढणारा, माझ्याहून थोरला असलेला माझा भाऊ घसा साफ करताना ऐकू आला. मग तो पाटलांसारखा, अगदी रीतीप्रमाणे म्हणाला :

"लागलं. उतरून बघा."